मिठाच्या वाळवंटात एक मुक्काम

कष्टकरी माणूस प्रवास करतो तो कशासाठी? पोटापाण्यासाठी, लग्नकार्यासाठी, मयतीसाठी, नाहीतर दरवर्षीच्या अभिवादनासाठी. केवळ डोळे भरून काही पाहावे म्हणून चार दिवस घराला कुलूप लावणारी कुटुंबे आपल्या वस्तीत बोटांवर मोजण्याइतकीच. असा प्रवास हा श्रीमंतांचा शौक आहे, अशी आपली पक्की समजूत. ही समजूत खोटी आहे, असे आम्ही अनुभवाने सांगतो. मात्र एक अट आहे. पैसा कमी असेल तर नियोजन जास्त लागते. आणि जायचे जर वाळवंटात असेल, तर नियोजनाखेरीज दुसरा आधारच नाही.

२०२५च्या जानेवारीत आमच्या चाळीतली चार घरे, एकूण अकरा माणसे, गुजरातेतील कच्छच्या रणात जाऊन आली. मुंबईहून रेल्वेने भुज, भुजहून खावड्यावरून रणातल्या रस्त्याने धोलावीरा, तिथे एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने परत, असा बेत होता. या प्रवासाची तयारी कशी केली, हे आम्हांला आता बरेच जण विचारतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

या बेताचे मूळ आमच्या शेजारच्या आक्का. वय अडुसष्ट. तरुणपणी त्यांनी भांडुपच्या मिठागरावर मजुरी केलेली. एका संध्याकाळी टीव्हीवर रणाचे चित्र लागले, नजर पोचेल तिथवर पांढरेशुभ्र मीठ. आक्का पाहतच राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं मीठ कुणी वाहिलं असेल रे?"

ते कोणी वाहिलेले नसते, हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. कच्छचे रण म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळपास पसरलेला सपाट, खोलगट प्रदेश. पावसाळ्यात वाऱ्याच्या जोराने समुद्राचे पाणी आत येते, नद्यांचे आणि पावसाचे पाणी त्यात मिसळते आणि सगळे रण पाण्याखाली जाते. पावसाळा सरला की ते पाणी उन्हाने आटत जाते आणि मागे मिठाचा थर उरतो. आक्कांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हंजे मिठागरच की. फक्त मालक नाही आणि मुकादम नाही. मला ते बघायचंय."

त्या दिवसापासून हा विषय चाळीत मुरत गेला. पहिली बैठक पैशाची झाली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून, त्यामुळे हिशेबाची वही आपोआप आमच्याकडे आली. ठरले असे की दरडोई दरमहा ५०० रुपये, बारा महिने. माणशी ६,००० आणि अकरा माणसांचे ६६,००० रुपये. कोणी कर्ज काढायचे नाही, दागिना मोडायचा नाही, भविष्यनिर्वाह निधीला हात लावायचा नाही. एखाद्याचा महिना चुकला तर पुढच्या महिन्यात भरायचा, पण कोणी कोणाला टोमणा मारायचा नाही.

या बैठकीत पलीकडच्या खोलीतल्या वहिनी सरळ बोलल्या, "भाऊजी, या सहा हजारांत आमच्या पोरीच्या क्लासचा एक हप्ता निघतो. मीठ बघून तिचे मार्क वाढणार आहेत का?" प्रश्न रोखठोक होता आणि तो टोलवण्यासारखा नव्हता. घरात एकच मिळकत, मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर. आम्ही म्हणालो, "वहिनी, फी आधी भरा. उरेल त्यातून जमले तर या. न जमले तर तुमचे भरलेले पैसे कधीही परत मिळतील." चार दिवसांनी त्या स्वतःच आल्या. त्यांनी त्यांचा हिशेब मांडला होता. तिघांचे जमत नव्हते, दोघांचे जमत होते. त्यांच्या घरचे दादा म्हणाले, "मी दोन वेळचा डबा बघून घेतो. पोरीला घेऊन तू जा." नेहमी पैसा कमी पडला की घरात थांबते ती बाई. त्या घरात यंदा पुरुष थांबला. आमच्या मते या प्रवासाची खरी सुरुवात तिथेच झाली.

दुसरी गोष्ट तारखेची. रणात जायचे ते डिसेंबर ते फेब्रुवारी याच दिवसांत. त्याआधी गेले तर अनेक ठिकाणी पाणी आणि चिखल असतो, नंतर गेले तर ऊन सोसत नाही. त्यातही पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री मिठावरचे चांदणे पाहण्यासारखे असते. २०२५मध्ये पौष पौर्णिमा १३ जानेवारीला, सोमवारी येत होती. पण लगेच १४ला संक्रांत, गुजरातेतले उत्तरायण. पतंगांचा तिथे मोठा सण, त्यामुळे गाड्यांना गर्दी. तेव्हा शुक्रवारी १० तारखेला संध्याकाळी निघायचे, शनिवारी भुजमध्ये विसावा, रविवारची रात्र धोलावीऱ्याला, सोमवारी रात्री परतीची गाडी आणि मंगळवारी घर, असा आराखडा झाला. रजा लागली ती शनिवार-सोमवारपुरती. मुंबईहून भुजला कच्छ एक्स्प्रेस आणि सयाजीनगरी एक्स्प्रेस या थेट गाड्या आहेत. आम्ही आरक्षण सुरू झाले त्याच दिवशी तिकिटे काढली. १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट वाटेची. पूर्वी भुजहून धोलावीऱ्याला जायचे तर भचाऊ आणि रापरवरून मोठा वळसा पडे, दोनशेवर किलोमीटरचा. आता खावड्याहून रण कापून सरळ रस्ता झाला आहे आणि अंतर सुमारे १४० किलोमीटरवर आले आहे. या रस्त्याचा साधारण तीस किलोमीटरचा पट्टा दोन्ही बाजूंना रण घेऊन धावतो. लोक तो पाहायलाच येतात.

मात्र या भागात पाहण्याजोगे खूप आहे आणि सगळेच पाहू म्हटले की काहीच पाहून होत नाही. भिरंडियाऱ्याला फाटा फुटतो. डावीकडे धोर्डो, जिथे हिवाळ्यात रणोत्सव भरतो. सरळ गेले की खावडा, आणि खावड्यापुढे काळो डुंगर, कच्छमधला सर्वांत उंच डोंगर. आमच्या पुतण्याची यादी हातभर होती. "काका, एवढं लांब जाऊन काळो डुंगर नाही म्हणजे काय?" आम्ही त्याला कागद-पेन्सिल दिली. जानेवारीत उजेड अकरा तासांपेक्षाही कमी. गाडीतले सहा तास, जेवणाचा एक, आक्का आणि निवृत्त काका-काकू यांना पाय मोकळे करायला दर तासाला पंधरा मिनिटे. त्याने बेरीज केली आणि स्वतःच दोन नावांवर काट मारली. ज्याला चालवत नाही त्याने गाडीत बसून राहायचे आणि बाकीच्यांनी पाहून यायचे, ही पद्धत आम्ही आधीच नाकारली होती. सर्वांत थकलेल्या माणसाला जे झेपेल, तेच सर्वांचे वेळापत्रक.

मग गाडी. भुजहून बारा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. अशी गाडी ठरवताना चार गोष्टी फोनवर स्पष्ट विचाराव्यात. किलोमीटरचा दर काय, रोजचे किमान किलोमीटर किती धरणार, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा की त्यातच, आणि टोल-पार्किंग कोणाकडे. दर कमी सांगून किमान किलोमीटर जास्त लावले की स्वस्त गाडी महाग पडते. शिवाय जादा चाक आहे का आणि त्यात हवा आहे का, हे निघताना डोळ्यांनी पाहावे. खावड्याच्या बाजूला सूर्यऊर्जा आणि पवनऊर्जेचा अवाढव्य प्रकल्प उभा राहत असल्याने अवजड ट्रक सतत धावतात. म्हणून अंधारात लांबचा प्रवास करायचा नाही, हा आमचा नियम ठरला. डिझेलची टाकी भुजमध्येच भरून घेतली.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. मुंबईत एका जुलै महिन्यात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या सुमारे निम्माच कच्छमध्ये वर्षभरात पडतो. रणातल्या रस्त्यावर नजर जाईल तिथे पाणी असले तरी ते खारे. आम्ही माणशी रोज चार लिटर धरले. आमच्या पुतण्याने अकराने गुणले. आमच्या मंडळींनी लगेच टोकले, "बारा धर. गाडी चालवणाऱ्याला तहान लागत नाही का?" बारा गुणिले चार गुणिले दोन दिवस म्हणजे शहाण्णव लिटर. वीस लिटरचे पाच जार भुजमध्येच गाडीत चढवले. जेवणात, चहात आणि झोपायच्या जागेतही ड्रायव्हर बारावा माणूस म्हणूनच धरला. बऱ्याच सहलींत सगळे खोलीत झोपतात आणि ड्रायव्हर गाडीतच आंग टाकतो. दुसऱ्या दिवशी बारा जिवांचा भार ज्याच्या डोळ्यांवर, त्याची झोप हा दयेचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आता मुक्काम. धोलावीऱ्याला पर्यटन निवास आहेत, महागडे तंबू आहेत आणि गावकऱ्यांनी घराशेजारी बांधलेले भुंगेही आहेत. भुंगा म्हणजे मातीच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले गोल घर. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात पक्क्या इमारती कोसळल्या तेव्हा असे कितीतरी भुंगे उभे राहिले. आम्ही तसे तीन भुंगे ठरवले. ठरवण्यापूर्वी बायकांनी प्रश्न लिहून दिले होते आणि आम्ही ते एकामागून एक फोनवर विचारले. संडास-न्हाणी खोलीला लागून आहे का? कडी आतून लागते का? रात्री दिवा असतो का? पांघरुणे किती? कारण वाळवंट दिवसा तापले तरी रात्री गारठते. कच्छमधल्या नलियाला तर हिवाळ्यात गुजरातमधले सर्वांत कमी तापमान बऱ्याचदा नोंदले जाते.

निवृत्त काकांचा प्रश्न मात्र वेगळा होता. तो त्यांनी हळूच विचारला. "आडनाव विचारून जागा नाही म्हणाले तर? त्या माळावर रात्री कुठं जायचं?"

तरुण मुले हसली. आम्हांला हसू आले नाही. परक्या गावी रात्रीचा निवारा आणि घोटभर पाणी यांचा प्रश्न आपल्या लोकांसाठी काय होता, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीने जाताना रात्र झाली, जकात नाक्यावर थांबावे लागले. मुलांजवळ खायला भरपूर होते, पण जातीमुळे प्यायला पाणी मिळाले नाही. जवळ अन्न असून मुले उपाशी झोपली. काकांच्या प्रश्नामागे हा सगळा इतिहास उभा होता. म्हणून आम्ही त्यांना "आता तसे काही राहिले नाही" असे तोंडदेखले उत्तर दिले नाही. आम्ही पूर्ण नाव सांगून जागा ठरवली, आगाऊ रक्कम भरली आणि त्याच नावाची पावती मागवून घेतली. पावती आली तेव्हा ती काकांच्या हातात दिली. प्रत्यक्षात मालकाने आधारकार्डे पाहिली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि चहाचे विचारले. काकांनी दोन तांबे पाणी प्यायले.

प्रवासाबद्दल थोडेच सांगतो, कारण ते ज्याने त्याने पाहावे असे आहे. शनिवारी भुजच्या भुजियो डुंगरावरचे स्मृतिवन पाहिले. भूकंपात गेलेल्यांच्या आठवणीसाठी उभारलेले हे स्मारक २८ ऑगस्ट २०२२ रोजी खुले झाले. रविवारी सकाळी आठला निघालो. वाटेत कर्कवृत्ताची पाटी लागते. वहिनींच्या मुलीने भूगोलाच्या पुस्तकातली ती रेघ रस्त्यावर पाहिली आणि पाटीच्या अलीकडे एक, पलीकडे एक पाय ठेवून उभी राहिली. भिरंडियाऱ्याला तिथला प्रसिद्ध मावा घेतला. खावड्याला जेवण केले. आणि मग तो रस्ता आला.

आधी दोन्ही बाजूंना उथळ पाणी लागले, आभाळ त्यात उतरलेले. मग पाणी संपले आणि पांढरे सुरू झाले. गाडीतले बोलणे हळूहळू बंद झाले. कडेला गाडी लावून उतरलो तेव्हा पोरे चपला फेकून धावणार, तोच आक्कांचा आवाज आला, "थांबा! चपला घाला. पायाला भेग असली तर आग होईल. आणि मी पाय टाकते तिथंच टाका. वर खपली दिसते, खाली चिखल असतो." चाळीस वर्षांपूर्वीचे मिठागर त्यांच्या पायांना आठवत होते. त्यांनी वाकून खडा उचलला, जिभेला लावला आणि म्हणाल्या, "कडवट आहे. हे खायचं मीठ नव्हं." मग बराच वेळ उभ्या राहिल्या. सुनेने विचारले, "आत्या, दमलात का?" त्या म्हणाल्या, "नाही गं. डोक्यावर पाटी असली की मीठ दिसत नाही, नुसतं ओझं लागतं. आज पहिल्यांदा नीट बघितलं."

चारच्या सुमारास मुक्कामी पोचलो, सामान टाकले आणि सूर्यास्तासाठी पुन्हा रणाच्या कडेला आलो. सव्वासहाला सूर्य मावळला. चंद्र त्याआधीच पूर्वेला वर आला होता. एका बाजूला तांबडे रण, दुसऱ्या बाजूला निळसर. यासाठी कोणी तिकीट मागितले नाही.

सोमवारी सकाळी धोलावीऱ्याचे अवशेष पाहिले. १९६०च्या दशकात जगत्पती जोशी यांनी हे स्थळ उजेडात आणले आणि १९९०पासून आर. एस. बिष्ट यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झाले. २०२१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचे हे सिंधू संस्कृतीतले नगर. त्याच्या एका बाजूला मनसर आणि दुसऱ्या बाजूला मनहर, हे दोन ओढे. दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहणारे. त्या लोकांनी ओढ्यांना बांध घातले, पाणी वळवले आणि खडक कोरून तलावांची रांग केली. पूर्वेकडचा एक तलाव सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल आहे, उतरायला पायऱ्या आहेत. त्यांनी वाळवंटात शहर वसवले ते पाण्याचा हिशेब आधी करून. आमचे पाच जार आणि त्यांचे हे तलाव यांत फरक मोठा, पण विचार एकच. तिथे दहा चिन्हांची मोठी पाटीही सापडली आहे. ती अजून कोणाला खात्रीने वाचता आलेली नाही. वहिनींची मुलगी म्हणाली, "ती वाचायला काय शिकावं लागतं?" वहिनी काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे पाहून मात्र हसल्या.

परतताना रापर आणि भचाऊमार्गे गांधीधामला आलो, सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि रात्रीची गाडी धरली. मंगळवारी सकाळी घर. पुढच्या रविवारी चाळीच्या गच्चीवर हिशेब वाचून दाखवला. ३,३०० रुपये उरले होते. माणशी ३०० परत केले.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एक वर्ष आधी पैसे बाजूला काढायला लागा. सर्वांचे ओळखपत्र बरोबर असू द्या. हा सरहद्दीकडचा मुलूख आहे, आणि धोर्डोच्या पांढऱ्या रणात जायचे असेल तर परवाना लागतो. पुरातत्त्व खात्याची संग्रहालये बहुधा शुक्रवारी बंद असतात, ते पाहून वार धरा. फोनची रेंज मध्येच जाते, म्हणून मुक्कामाचा पत्ता आणि ड्रायव्हरचा नंबर कागदावर लिहून दोघांच्या खिशात ठेवा. ऊन मिठावरून परत डोळ्यांवर येते, तेव्हा टोपी-चष्मा घ्या. नेलेले प्लास्टिक परत आणा, तिथे ते उचलायला कोणी येत नाही. आणि यादी करताना पहिले नाव घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे लिहा. त्याला जमेल असा बेत केला की बाकी सर्वांना तो जमतोच.

बंधू-भगिनींनो, आपल्या आईबापांनी मीठ वाहिले, रस्ते बांधले, रूळ टाकले. त्या रस्त्यांवरून आणि त्या रुळांवरून त्यांना एकदा तरी नुसते पाहण्यासाठी न्या. पुढचा हिवाळा दूर नाही. वही आजच उघडा.